एका डिस्कमध्ये ग्रामसभा

कापणं वेगळं आणि दाबणं वेगळं, हे मी गेली अकरा वर्षं लोकांना सांगत आलेय. कापलं की वस्तू कमी होते. दाबलं की ती सगळीच्या सगळी राहते, फक्त अंग चोरून बसते. तिसगावच्या स्टँडमागे आमचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. शूटिंग सुनील करतात, म्हणजे माझे यजमान, आणि त्यांनी आणून टाकलेलं निस्तरायचं काम माझं. हळदीपासून पाठवणीपर्यंतची अख्खी लग्नं मी एकेका डिस्कमध्ये बसवलीत. त्यातून कोपऱ्यात रुसून बसलेली मावशीसुद्धा सुटलेली नाही. माझ्या हातून आजवर एकही लग्न डिस्कबाहेर सांडलेलं नाही, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहेच.

म्हणून चिंचदऱ्याचे वैजनाथ गुरुजी बुधवारी सकाळी सकाळी दुकानात येऊन म्हणाले, "ज्ञानेश्वरीताई, आपल्या ग्रामसभेचं शूटिंग एका डीव्हीडीत बसवून हवंय, शुक्रवारी अकराच्या आत," तेव्हा मी हातातला चहाचा कप खालीसुद्धा ठेवला नाही.

"बसेल," मी म्हणाले.

चिंचदरा हे पार पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रॅक्टरवर भांडीकुंडी चढवून ऊसतोडीला जातं, ते उन्हाळ्यातच परततं. आईबापांबरोबर पोरंही जातात आणि शाळा ओस पडते. यंदा गुरुजींनी पुढाकार घेऊन हंगामापुरतं वसतिगृह मागितलं होतं, म्हणजे सहा महिने पोरं गावातच राहतील आणि शिकतील. आधी कुठल्याशा गावाने हजर नसलेल्या पालकांचे अंगठे उठवले होते म्हणे, त्यामुळे मंजुरी देणाऱ्या तालुक्याच्या समितीने नवी अट घातली: पालकाने ग्रामसभेत स्वतःच्या तोंडाने संमती द्यायची, तिचं चित्रीकरण करायचं, आणि ते कुठेही न कापता, सलग, एकाच डिस्कमध्ये द्यायचं. एका गावाची दुसरी डिस्क फायलीतून गळाली, तेव्हापासून एकच. ऑफिसात पेन ड्राइव्ह चालत नव्हता, दुप्पट मावणाऱ्या डिस्का त्यांचा जुना प्लेअर वाचत नव्हता.

"आणि नाही जमलं तर?" मी सहज विचारलं.

गुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एक्केचाळीस जणांनी संमती दिली आणि दुसऱ्याच दिवशी गाड्या निघाल्या. आता कुणी देवळाली प्रवरेकडे, कुणी पार कर्नाटकात. त्यांना परत कसं बोलावणार? अठ्ठावन्न पोरं मी शाळेत ठेवलीत, खिचडी शिजवून घालतोय. शनिवारी मुकादमाचा टेम्पो येणार. मंजुरी असेल तर रिकामा जाईल. नसेल तर पोरं भरून घेऊन जाईल."

ते गेल्यावर मी फायली उघडल्या, आणि माझा चहा तसाच गार झाला. एकशे ऐंशी जीबीच्या वर! डिस्कमध्ये मावतात साडेचारच्या आसपास. पाच तास दहा मिनिटांची ग्रामसभा सुनीलनी सगळ्यात जड सेटिंगवर शूट केली होती. तेवढ्यावर भागलं नव्हतं. कॅमेरा एका जागी ठेवायचा सोडून, नवरदेवाभोवती फिरतात तसे हे सरपंचांभोवती फिरत होते. पुढून, मागून, खालून, नारळाच्या शेंडीपासून फेट्याच्या तुऱ्यापर्यंत.

"अहो, ही ग्रामसभा होती. कुणाचं लग्न लावत होता तुम्ही?"

"अगं, सरपंच म्हणाले, भारी झालं पाहिजे."

आमच्याकडे सत्काराशिवाय सभा सुरू होत नाही. तलाठ्यापासून पाणी सोडणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांच्या खांद्यावर शाल पडल्याशिवाय विषयपत्रिका उघडायची पद्धतच नाही. चिंचदऱ्यात चौतीस सत्कार झाले, प्रत्येकाला जागेवर फेटा बांधून. मग सत्कारमूर्तींची भाषणं. तीन तास त्यातच गेले. तोवर कॅमेरा धरून सुनीलचा खांदा भरून आला, तेव्हा कुठे त्यांनी तो तिपाईवर ठेवला आणि पालकांचं सगळं चित्रीकरण एका जागेवरून झालं. माणूस दमला की शहाण्यासारखं वागतो.

मी मशीन लावलं. डिस्कचं गणित टँकरच्या पाण्यासारखं असतं. टाकी एवढीच. शूटिंगमधल्या प्रत्येक सेकंदाने हंडा घेऊन रांगेत उभं राहायचं. वाटप सॉफ्टवेअर करतं आणि त्याचा नियम सोपा आहे: जो जास्त हलतो, त्याला जास्त. नाचणाऱ्या वरातीला भरपूर, भिंतीला थोडं. लग्नात हे बरोबर ठरतं, म्हणून मी आजवर त्यात कधी हात घातला नव्हता. यातही घातला नाही. ती चूक माझी, सुनीलची नव्हे.

दुपार कलली तेव्हा डिस्क तयार झाली. बसली होती, अगदी काठोकाठ. मी ती टीव्हीला लावली, तोच सरपंच मच्छिंद्रआबा दारात हजर. गुरुजींकडून त्यांना कळलं होतं. खुर्ची ओढून त्यांनी स्वतःचा सत्कार पाहिला, मग परत पाहिला.

"लई भारी, बाई! शालीवरची फुलं मोजून घ्या. आता ह्याला हात लावू नगा."

"आबा, पालकांचंही बघू."

ते लावलं आणि मी खुर्ची सोडून टीव्हीच्या जवळ गेले. संध्याकाळचा उजेड, लिंबाखालची खुर्ची, आणि तिच्यावर एकामागून एक बसलेली तपकिरी चौकटींची माणसं. आवाज स्वच्छ, पण चेहरा म्हणाल तर नाकाडोळ्यांचा एकच लगदा. ही माणसं सरपंचांसारखी हलली नव्हती. हात मांडीवर ठेवून, मोजकं बोलून उठली होती. सॉफ्टवेअरने त्यांना भिंतीत जमा केलं होतं.

"ह्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत, आबा. समिती यादीतल्या फोटोशी ताडून बघणार आहे."

"नावं सांगत्यात की तोंडानं. आयकू येतंय नव्हं? मंग झालं. निवडनूक तोंडावर आलीय बाई, गावात ही डिस्क दाखवायची हाय मला. माझा सत्कार कापला तर बघा."

माझं डोकं तापलं होतं, पण गिऱ्हाईकासमोर जीभ आवरायला मी शिकलेय. "आबा, तुमचा एक सेकंदही मी कापणार नाही. शब्द देते. पण टाकी एवढीच आहे. सगळ्यांना सारखं मिळणार नाही."

"त्ये तर कुटंच मिळत न्हाई," आबा हसत म्हणाले आणि समाधानाने गेले.

त्यानंतर मी पालकांचं शूटिंग पहिल्यापासून बघायला बसले. एका ठिकाणी मला वाटलं, डिस्कच अडकली. एकोणतिसावी बाई. नाव लंकाबाई, नवरा अजिनाथ, निघालेत देवळाली प्रवरेच्या बाजूला, मुलगी एकच, पंकजा, आठवीत. गुरुजींचा आवाज विचारतो, "पंकजाला वसतिगृहात ठेवायला तुम्ही राजी आहात का?" आणि चित्र थिजतं. तपकिरी ठोकळा, ना हालचाल ना आवाज. बऱ्याच वेळाने "व्हय" ऐकू येतं.

मी मूळ फाईल उघडली. अडकलं काहीच नव्हतं. बाई विचार करत होती.

चाळिशीची बाई, उन्हाने रापलेली, नवं लुगडं नेसून आलेली. प्रश्न ऐकला आणि तिची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला कुठेतरी गेली. परत आली, परत गेली. बोटांनी पदराचं टोक पिळलं. ओठ उघडले, मिटले. गळ्यातून आवंढा खाली उतरला. एवढंच, बेचाळीस सेकंद. माझ्या स्क्रीनवर खाली एक रेघ असते, कुठल्या सेकंदाला किती जागा गेली ते दाखवणारी. सत्काराला ती डोंगरासारखी चढली होती, आणि इथे पार तळाला. त्या यंत्राच्या हिशोबी इथे काहीच घडत नव्हतं.

मला राग आला. यंत्राचा, आबांचा, आणि सगळ्यात जास्त माझा. अकरा वर्षांत अशा किती गप्प बसलेल्या बायांचा मी लगदा केला असेल? रडूही आलं, ते मी सुनीलना दिसू दिलं नाही.

"उद्या परत लावणार आहे मी," मी म्हणाले. "वाटप माझ्या हाताने."

"अगं, पण आबा? गावातली पुढची सगळी लग्नं त्यांच्या शब्दावर आहेत."

"शब्द मीही दिलाय त्यांना. एक सेकंदही कापत नाही."

हाताने वाटप करता येतं. फारसं कुणी करत नाही, कारण आधी सगळं स्वतः बघावं लागतं, आणि कुणाला किती द्यायचं ते स्वतः ठरवावं लागतं. गुरुवारी उजाडताच मी बसले. चौतीस सत्कार आणि भाषणं, सगळ्यांना मिळून जेमतेम जगण्यापुरती जागा. जे वाचलं, ते सगळं लिंबाखालच्या खुर्चीला. एकोणतिसाव्या बाईला सगळ्यांत जास्त. सुनील मागे उभे राहून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "सत्काराचं अजून थोडं काढ. मीच उगाच नाचलोय तिथं." नवरा असावा तर असा, पण हे त्यांना सांगायचं नसतं.

दिवस मावळायच्या आत डिस्क उतरली. पाच तास दहा मिनिटं, एक क्षणही कमी नाही.

शुक्रवारी तालुक्याच्या हॉलमध्ये समिती बसली. समितीच्या मॅडम, एक क्लार्क, टीव्ही आणि खाली जुना प्लेअर. गुरुजी पहिल्या रांगेत टोपी मुठीत धरून. आबा पांढऱ्या कडक कपड्यांत, बरोबर गावची दहा-बारा माणसं घेऊन. मी आणि सुनील मागे.

डिस्क लागली. पडद्यावर केशरी, हिरवे, पांढरे चौकोन नाचू लागले. फेटा हलला की चेहरा विरघळायचा, चेहरा जुळला की शाल पसरायची.

"ह्यातलं आबा कुटलं?" कुणीतरी हळूच विचारलं.

"त्यो केशरी चौकोन."

मागे खसखस पिकली. आबांनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की सुनीलनी माझं मनगटच घट्ट धरलं. मी नजर खाली घेतली नाही.

मॅडमनी घड्याळ बघितलं. "सत्कार किती वेळ आहे?"

"भाषणं धरून तीन तास," गुरुजी अपराध्यासारखे म्हणाले.

"सलग आहे ना? बास." त्यांनी रिमोट घेतला आणि चित्र पळवलं. चौतीस सत्कार सहा मिनिटांत उरकले. कुणी फेटा ओळखला नाही आणि कुणाचं काही बिघडलं नाही. आबा तेवढे घाम पुसत होते.

मग लिंबाखालची खुर्ची आली. उजेड मऊ, पण चेहरे लख्ख. कपाळावरचं गोंदण दिसत होतं, दाढीचे पांढरे खुंट दिसत होते. मॅडमनी रिमोट खाली ठेवला. नाव ऐकायचं, चेहरा यादीतल्या फोटोशी ताडायचा, टिक करायची. एक, दोन, दहा, वीस. गुरुजींचे ओठ प्रत्येक नावाबरोबर हलत होते. एकदाही मॅडमना थांबवून विचारावं लागलं नाही. माझा जीव हळूहळू भांड्यात पडायला लागला होता.

एकोणतिसावी लंकाबाई. "पंकजाला वसतिगृहात ठेवायला तुम्ही राजी आहात का?"

हॉल शांत. पडद्यावरही शांतता. पाच सेकंद, दहा सेकंद.

क्लार्क खुर्चीतून उठला. "मॅडम, अडकली डिस्क."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "खराब आहे का? खराब डिस्क आम्हाला घेता येत नाही, गुरुजी. फाईल परत जाईल." क्लार्कचा हात प्लेअरच्या बटणाकडे गेला. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"हात लावू नका!" माझा आवाज हॉलभर गेला. मी कधी उभी राहिले, मलाच कळलं नाही. "अडकलेली नाही ती. तिचे डोळे बघा. गळा बघा. आई आहे ती, विचार करतेय. तिला करू द्या."

क्लार्कचा हात तसाच थांबला. सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. लंकाबाईची नजर बाजूला गेली आणि परत आली. पापणीच्या कडेला काहीतरी चमकलं. बोटांनी पदर पिळला. गळ्यातून आवंढा उतरला, आणि तो उतरताना हॉलमधल्या प्रत्येकाला दिसला. मॅडम पुढे झुकून बघत होत्या. आबासुद्धा घाम पुसायचे थांबले होते.

"व्हय," लंकाबाई म्हणाली. "राजी हाय मी. कोयता माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

मॅडमनी टिक केली. क्लार्क गुपचूप खुर्चीत बसला. राहिलेले बाराजण कुणीही मध्ये न बोलता पार पडले, आणि शेवटी मॅडमनी फायलीवर सही करून ती गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींना ती धरवेना. सुनीलनी धरली.

बाहेर व्हरांड्यात आबांनी मला गाठलं. "बाई, माझं त्वांड कुटं गेलं?"

"आहे की डिस्कमध्ये. एक सेकंद कापला असेल तर मोजून दाखवा."

आबांनी रुमाल झटकून खिशात कोंबला. मला वाटलं, आता चिंचदऱ्यातली लग्नं गेली हातची. मग ते मान हलवून म्हणाले, "ती लंकी... पंधरा वरीस झालं, माझ्या दारावरनं जातीया. तिचं त्वांड मी आज बघितलं." आणि लगेच पुढे म्हणाले, "पर फुडच्या येळंला माझी येगळी डिस्क काढायची." मी म्हणाले, काढू.

शनिवारी आम्ही चिंचदऱ्याला गेलो. मुकादमाचा टेम्पो आला होता, शाळेपुढे जरा वेळ थांबला आणि रिकामाच वळला. पोरं गेटावर चढून त्याला टाटा करत होती. मग गुरुजींनी वर्गातल्या टीव्हीवर डिस्क लावली, कारण प्रत्येकाला आपापली आई नाहीतर बाप बघायचा होता. आले की टाळ्या, गेले की पुढचा नंबर. आमचं काम इतकं चवीने कुठल्या लग्नघरातसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं.

एकोणतिसाव्या नंबरला एक वेणीवाली, हडकुळी पोरगी पुढे सरकली. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. बेचाळीस सेकंद संपले, "व्हय" झालं, तरी ती टीव्हीकडेच बघत राहिली. मी तिच्याजवळ खाली बसले.

"पंकजा ना तू? आई केवढा वेळ गप्प बसली होती गं. बाजूला काय बघत होती ती?"

"मला बघत हुती," पंकजा म्हणाली. "मी कॅमेऱ्याच्या कडंला, नळापाशी उभी हुते. मी अशी मान हलवत हुते." तिने जोरजोरात मान डावीउजवीकडे हलवून दाखवली. "न्हाई म्हन, न्हाई म्हन. मला तुझ्यासंगं न्हे. माझ्याकडं बघून बघून ती व्हय म्हनली."

मी हळूच विचारलं, "राग आला तुला?"

"तवा लई आला." तिने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं, आईने पदर पिळला होता अगदी तसं. "तवा मला ती एवढी जवळनं दिसली न्हवती. परत लावता का?"

मी परत लावलं. चार वेळा लावलं. बाकीच्या पोरांनी कुरकुर केली नाही.

घरी येऊन मी मूळ फाईल उघडली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा कात्री लावली. लंकाबाईचे बेचाळीस सेकंद आणि पुढचं ते वाक्य, एवढंच काढलं. एका अख्ख्या कोऱ्या डिस्कवर ते तसंच उतरवलं, जराही न दाबता. शाळेच्या कॉम्प्युटरवर ते चालतं, मी गुरुजींना विचारून घेतलं. सुनील म्हणाले, "अगं, डिस्कमध्ये अजून केवढी जागा शिल्लक आहे."

"राहू दे," मी म्हणाले, आणि डिस्कवर स्केचपेनने लंकाबाईचं नाव लिहिलं.